ग्राहकोपयोगी उत्पादनांची सुरक्षितता : सामाईक मानके आणि उद्योगसंहिता यांच्या आधारे नियमन कसे उभारावे

ग्राहकाच्या हाती पडणारे प्रत्येक उत्पादन सुरक्षित असले पाहिजे, हे कायद्यात एका वाक्यात लिहिता येते. परंतु खेळण्याचा सुटा होणारा भाग किती लहान असला म्हणजे तो लहान मुलाच्या घशात अडकेल, विजेच्या उपकरणाचा हाताळायचा भाग किती तापलेला चालेल, औषधाच्या बाटलीचे झाकण मुलांना किती अवघड आणि वृद्धांना किती सोपे असावे, ही मोजमापे त्या एका वाक्यात मावत नाहीत. ती ठरवण्यासाठी जगभर प्रामुख्याने दोन साधने वापरली जातात. पहिले साधन म्हणजे उत्पादक, प्रयोगशाळा, ग्राहक प्रतिनिधी आणि शासन यांनी एकत्र बसून सहमतीने लिहिलेली तांत्रिक मानके, आणि दुसरे म्हणजे एखाद्या उद्योगाने स्वतःवर घालून घेतलेली आचारसंहिता. या दोहोंच्या आधारे नियमनाची चौकट टप्प्याटप्प्याने कशी उभारावी, हे या लेखात मांडले आहे. नियामक संस्थेतील अधिकारी, उद्योगसंघटनेचे पदाधिकारी आणि मानक समितीवर ग्राहकांची बाजू मांडणारे कार्यकर्ते यांना ते उपयोगी पडावे, असा हेतू आहे.

पुढील सर्व टप्प्यांमागे एक ठाम भूमिका आहे आणि ती आरंभीच सांगणे योग्य ठरेल. सुरक्षित वस्तूच विकण्याचे कर्तव्य कायद्यात राहिले पाहिजे, ते कर्तव्य पाळले गेले की नाही हे मोजण्याची पद्धत मानकाकडून घ्यावी, आणि ती पद्धत अपुरी ठरली आहे हे कोण व केव्हा ठरवणार, हा निर्णय मात्र उद्योगाच्या मर्जीवर कधीही सोडू नये. मानके आणि संहिता जिथे अपयशी ठरल्या आहेत, तिथे बहुतेक वेळा या तिसऱ्या गोष्टीची व्यवस्थाच केलेली नव्हती.

पहिला टप्पा : हानीपासून सुरुवात करा

नवे मानक हवे की संहिता, या चर्चेत शिरण्यापूर्वी नेमकी हानी कोणाला, कशाने आणि कोणत्या क्रमाने होते, याचे एक-दोन पानी टिपण तयार करावे. त्यासाठी रुग्णालयांच्या अपघात विभागांतील नोंदी, मृत्यूच्या चौकशीचे अहवाल, विषबाधा माहिती केंद्रांकडे आलेले दूरध्वनी, ग्राहकांच्या तक्रारी आणि इतर देशांत परत मागवलेल्या उत्पादनांच्या याद्या असे अनेक स्रोत एकत्र पाहावे लागतात. अमेरिकेचा ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोग सुमारे १०० रुग्णालयांच्या नमुन्यावरून देशभरातील उत्पादनजन्य दुखापतींचा अंदाज काढतो. अशी व्यवस्था नसेल तर दोन-चार मोठ्या रुग्णालयांशी करार करूनही उपयुक्त चित्र मिळते. युरोपीय संघाची सेफ्टी गेट ही सूचना प्रणाली आणि आर्थिक सहकार्य व विकास संघटनेचे २०१२ मध्ये सुरू झालेले जागतिक रिकॉल (म्हणजे उत्पादने परत मागवण्याविषयीचे) संकेतस्थळ हे दोन्ही स्रोत सर्वांना खुले आहेत.

टिपण उत्पादनानुसार न लिहिता हानीच्या यंत्रणेनुसार लिहावे, असा माझा आग्रह आहे, आणि बटण सेलच्या उदाहरणावरून त्याचे कारण लक्षात येईल. सुमारे २० मिलिमीटर व्यासाचा लिथियम बटण सेल मुलाने गिळला आणि तो अन्ननलिकेत अडकला, तर ओल्या ऊतींमधून विद्युतप्रवाह वाहू लागतो, सेलच्या ऋण टोकापाशी तीव्र अल्कली तयार होते आणि अवघ्या दोन तासांत गंभीर भाजणे सुरू होऊ शकते. हा सेल खेळण्यात असतो, तसाच तो रिमोटमध्ये, वजनकाट्यात, तापमापकात, संगीत वाजवणाऱ्या शुभेच्छापत्रात आणि सजावटीच्या दिव्यातही असतो. खेळण्यांच्या मानकांनी सेलचा कप्पा साधनाशिवाय उघडू नये अशी अट फार पूर्वीच घातली होती, पण ज्या वस्तू खेळणी म्हणून विकल्या जात नाहीत त्यांना ती लागू नव्हती. मुलांच्या हाती मात्र त्या सगळ्याच वस्तू पडत होत्या. टिपण फक्त खेळण्यांपुरते लिहिले असते, तर ही फट कोणाच्याही नजरेस आली नसती.

टिपणात वापराचे दोन प्रकार वेगळे नोंदवावेत : उत्पादकाला अपेक्षित असलेला वापर, आणि उत्पादकाला अपेक्षित नसला तरी माणसाच्या स्वभावामुळे सहज घडणारा, म्हणजेच आधी ओळखता येण्याजोगा गैरवापर. खुर्चीवर उभे राहणे, कपाटाच्या उघड्या खणांवर पाय ठेवून चढणे, चार्जर रात्रभर उशीखाली राहणे या गोष्टी दुसऱ्या प्रकारात मोडतात. त्यांना ग्राहकाचा निष्काळजीपणा म्हणून बाजूला सारणारे मानक अपुरेच राहते.

आयएसओ आणि आयईसी या आंतरराष्ट्रीय मानक संस्थांची मार्गदर्शिका ५१ जोखीम कमी करण्याचा एक क्रम सांगते. प्रथम रचनेतच धोका काढून टाकावा, ते शक्य नसेल तर संरक्षक आवरण किंवा यंत्रणा बसवावी, आणि या दोन्हींनंतर जी जोखीम उरेल तिच्याबद्दलच वापरणाऱ्याला माहिती व इशारा द्यावा. हा क्रम टिपणाच्या शेवटी शब्दशः लिहून ठेवणे उपयोगाचे ठरते, कारण समितीच्या चर्चेत सर्वांत स्वस्त उपाय म्हणून इशाऱ्याची पट्टी वारंवार पुढे येते आणि प्रत्येक वेळी तिला याच क्रमाच्या आधारे तपासावे लागते. जो इशारा दोन वर्षांच्या मुलाला वाचता येत नाही, तो त्या मुलाच्या संरक्षणाचा मुख्य उपाय होऊ शकत नाही. बालसुरक्षेसाठी याच संस्थांची मार्गदर्शिका ५० स्वतंत्रपणे उपलब्ध आहे.

दुसरा टप्पा : आधीपासून असलेली मानके शोधा आणि चिकित्सक नजरेने वाचा

जागतिक व्यापार संघटनेच्या १९९५ पासून लागू असलेल्या व्यापारातील तांत्रिक अडथळ्यांविषयीच्या करारानुसार, संबंधित आंतरराष्ट्रीय मानक अस्तित्वात असेल तर सदस्य देशाने आपल्या तांत्रिक नियमांचा पाया म्हणून त्याचा वापर करावा लागतो. ते मानक उद्दिष्टासाठी निष्प्रभ किंवा अयोग्य असेल, तरच त्यातून सूट मिळते. म्हणून खेळण्यांसाठी आयएसओ ८१२४, घरगुती विद्युत उपकरणांसाठी आयईसी ६०३३५, ध्वनी-चित्र व संगणकीय उपकरणांसाठी आयईसी ६२३६८-१ अशा मालिका प्रथम पाहाव्यात. त्यांपासून वेगळी वाट घ्यायची असेल तर हवामान, वीजदाब, शरीरमापे किंवा वापराच्या सवयी यांतील नेमका कोणता फरक त्याला कारणीभूत आहे, हे लेखी नोंदवावे.

मानक वाचताना सर्वांत आधी त्याची व्याप्ती सांगणारे कलम वाचावे, कारण अपघात घडवणारी वस्तू पुष्कळदा त्या कलमातील अपवादांतच सापडते. त्यानंतर मानक रचना सांगते की कामगिरी, हे पाहावे. 'झाकणाला अमुक प्रकारचे आटे असावेत' ही रचनेची अट झाली. ती तपासायला सोपी असते, पण नव्या कल्पनांची वाट अडवते. कामगिरीच्या अटीचा एक उत्तम नमुना म्हणजे बालरोधक पुन्हा बंद करता येणाऱ्या वेष्टनांचे आयएसओ ८३१७ हे मानक. त्यात ४२ ते ५१ महिने वयाच्या मुलांच्या गटाला वेष्टन उघडायला दिले जाते. उघडून दाखवण्यापूर्वी किमान ८५ टक्के मुलांना आणि दाखवल्यानंतरही किमान ८० टक्के मुलांना ते उघडता आले नाही पाहिजे. त्याच वेळी ५० ते ७० वर्षे वयाच्या किमान ९० टक्के प्रौढांना मात्र ते उघडून नीट बंद करता आले पाहिजे. झाकण कसे बनवायचे याबद्दल मानक उत्पादकाला बांधून घालत नाही, पण अपेक्षित परिणाम काय आणि तो कसा मोजायचा हे निःसंदिग्ध सांगते. शिवाय मुलांचे संरक्षण आणि वृद्धांची सोय या परस्परविरोधी गरजांचा समतोलही त्याच चाचणीत साधलेला आहे.

काही ठिकाणी मात्र साधी, ठोस मोजपट्टीच अधिक उपयोगी पडते. लहान भागांसाठी वापरली जाणारी ३१.७ मिलिमीटर व्यासाची नळी हे त्याचे परिचित उदाहरण आहे. तीन वर्षांखालील मुलांच्या खेळण्याचा सुटा भाग या नळीत न दाबता पूर्ण मावला, तर ते खेळणे नापास होते. महागडी प्रयोगशाळा नसलेल्या निरीक्षकालाही ही तपासणी बाजारात जागच्या जागी करता येते.

तिसरा प्रश्न असा विचारावा की, मानक फक्त नव्या कोऱ्या वस्तूची परीक्षा घेते की काही वर्षे वापरलेल्या वस्तूचीही. एक कठडा खाली सरकणाऱ्या बाळांच्या पलंगांचा इतिहास या दृष्टीने अभ्यासण्यासारखा आहे. वापराने, मोडतोडीने किंवा पुन्हा जोडताना झालेल्या चुकीने कठड्याचे जोड निसटत, फट पडत असे आणि बाळ तिच्यात अडकत असे. अमेरिकेत २८ जून २०११ पासून अशा पारंपरिक सरकत्या कठड्याच्या पलंगांचे उत्पादन व विक्री बंद झाली, आणि नव्या नियमांत सुटे भाग सैल होऊ नयेत यासाठी व एकूण टिकाऊपणासाठी कडक चाचण्या आल्या.

तिसरा टप्पा : कायदा आणि मानक यांचा सांधा ठरवा

मानक हे मुळात ऐच्छिक दस्तऐवज असते. ते कायद्याशी जोडण्याच्या दोन मुख्य पद्धती प्रचलित आहेत.

युरोपीय संघाने ७ मे १९८५ च्या ठरावाने स्वीकारलेल्या पद्धतीत कायदा फक्त आवश्यक सुरक्षा-अपेक्षा सांगतो आणि तपशील युरोपीय मानक संस्था लिहितात. त्या मानकाचा संदर्भ संघाच्या अधिकृत राजपत्रात प्रसिद्ध झाला की, ते पाळणाऱ्या उत्पादकाने कायद्याची संबंधित अपेक्षा पूर्ण केली आहे असे गृहीत धरले जाते. उत्पादकाला दुसरा मार्ग निवडण्याची मोकळीक असते, पण मग सुरक्षिततेचा पुरावा त्यालाच द्यावा लागतो. हे गृहीतक पुराव्याने खोडता येते, आणि मानक अपुरे वाटल्यास सदस्य देश त्यावर औपचारिक आक्षेपही घेऊ शकतो. या आक्षेपाच्या सोयीला मी फार महत्त्व देतो, कारण सार्वजनिक हिताचा अंतिम शब्द तिच्यामुळे सार्वजनिक संस्थेकडे राहतो.

दुसऱ्या पद्धतीत कायदा किंवा नियम विशिष्ट मानकाचे नाव घेऊन त्याला बंधनकारक करतो. अमेरिकेत एएसटीएम या मानक संस्थेचे खेळण्यांसाठीचे एफ९६३ हे मूळचे ऐच्छिक मानक २००८ च्या ग्राहक उत्पादन सुरक्षा सुधारणा कायद्याने सक्तीचे झाले. येथे लगेच एक पेच उभा राहतो. नियमात ठरावीक वर्षाची आवृत्ती लिहिली तर मानक सुधारले तरी कायदा जुनाच राहतो, आणि 'वेळोवेळी सुधारलेली आवृत्ती' असे लिहिले तर खासगी समितीला कायदा बदलण्याचा अधिकार मिळाल्यासारखे होते. त्या कायद्याने काढलेला मार्ग अनुकरणीय आहे. मानक संस्थेने सुधारणा कळवली की ती १८० दिवसांनी आपोआप बंधनकारक होते, मात्र सुधारणेमुळे सुरक्षितता वाढत नाही असा निष्कर्ष ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने ९० दिवसांच्या आत कळवला तर जुनी आवृत्तीच चालू राहते. नवा नियम लिहिताना अशी मुदतबद्ध यंत्रणा त्यात अवश्य घालावी.

सांधा जुळवताना आणखी एक बाब सहसा शेवटी आठवते, ती म्हणजे मानकाची उपलब्धता. जे पाळणे बंधनकारक आहे ते लहान कारागिराला आणि सामान्य नागरिकाला विकत घ्यावे लागणे अन्यायाचे आहे. युरोपीय संघाच्या न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये, खेळण्यांच्या मानकांशी संबंधित एका प्रकरणात, राजपत्रात संदर्भ दिलेली अशी 'सुसंवादी' मानके संघाच्या कायद्याचा भाग असल्याने ती खुली करण्यात अधिक मोठे सार्वजनिक हित आहे, असा निर्णय दिला. त्यामुळे बंधनकारक भाग विनामूल्य वाचता यावा यासाठी मानक संस्थेशी आरंभीच करार करावा आणि त्याचा खर्च अंदाजपत्रकात धरावा.

नियमाचा मसुदा तयार झाल्यावर तो जागतिक व्यापार संघटनेला कळवून अभिप्रायांसाठी साधारणपणे ६० दिवस द्यावेत, आणि प्रसिद्धी व अंमलबजावणी यांत सामान्यतः किमान सहा महिन्यांचे अंतर ठेवावे. सुरक्षिततेची तातडी असेल तर ही पायरी ओलांडण्याची सवलत करारातच दिलेली आहे.

चौथा टप्पा : समितीची घडण

मानक कोण लिहितो यावर त्यात काय येते हे पुष्कळ अंशी अवलंबून असते. अमेरिकेतील एक प्रकरण समिती घडवणाऱ्या प्रत्येकाने अभ्यासावे असे आहे. विजेच्या तारांसाठी पोलादाऐवजी प्लॅस्टिकच्या नळ्यांना मान्यता देण्याचा प्रस्ताव राष्ट्रीय अग्निसुरक्षा संघटनेच्या १९८० च्या वार्षिक सभेपुढे येणार होता. तो पाडण्यासाठी पोलादी नळ्यांच्या उत्पादकांनी २३० जणांना संघटनेचे सभासद करून मतदानाला आणले आणि प्रस्ताव थोड्या मतांनी पडला. अशा वर्तनाला स्पर्धा कायद्यापासून संरक्षण मिळत नाही, असे तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये सांगितले.

यावरून काढायचे नियम सरळ आहेत. कोणत्याही एका हितसंबंधी गटाकडे समितीतील बहुमत असू नये, सदस्यांचे संबंध लेखी जाहीर करावेत, मतदानाचा अधिकार ऐन सभेच्या तोंडावर मिळू नये, आणि मतभेदाची टिप्पणी मानकाच्या मसुद्यासोबतच प्रसिद्ध व्हावी. ग्राहक प्रतिनिधींचा प्रश्न अधिक अवघड आहे. कंपनीचा अभियंता पगारी वेळेत समितीवर येतो, तर ग्राहक कार्यकर्ता स्वतःचा वेळ आणि प्रवासखर्च घालून येतो, त्यामुळे चौथ्या-पाचव्या बैठकीनंतर त्याची खुर्ची रिकामी दिसू लागते. आयएसओने १९७८ पासून ग्राहक धोरणासाठी स्वतंत्र समिती ठेवली आहे आणि युरोपात १९९५ पासून मानकनिर्मितीत ग्राहकांचे प्रतिनिधित्व करणारी सार्वजनिक निधीवर चालणारी संघटना आहे. असा निधी आणि चाचण्या करवून घेण्यासाठी थोडी स्वतंत्र रक्कम दिल्याशिवाय समतोल समिती कागदावरच राहते. प्रत्येक बैठकीत पहिल्या टप्प्यातील हानीचे टिपण अद्ययावत करून वाचण्याचा प्रघात पाडल्यास चर्चा मूळ प्रश्नापासून फारशी भरकटत नाही.

पाचवा टप्पा : उद्योगसंहिता केव्हा स्वीकारावी आणि तिच्यात काय असावे

संहितेचा मोठा गुण म्हणजे वेग. उद्योगाला वस्तूची बारकाईने माहिती असते आणि सहमती झाली तर काही महिन्यांत बदल घडू शकतो. दोष असा की, जो सहीच करत नाही त्याला ती बांधत नाही, आणि सर्वांत धोकादायक वस्तू बहुधा त्याच्याचकडून येतात.

म्हणून संहितेचा प्रस्ताव पुढे येताच दोन प्रश्न विचारावेत. ती पूर्ण पाळली गेली तर जोखीम पुरेशी कमी होईल काय, आणि बाजारातील बहुतांश माल ती प्रत्यक्षात पाळेल काय? अमेरिकेच्या कायद्यात १९८१ पासून हीच दुहेरी कसोटी आहे. या दोन्ही प्रश्नांची उत्तरे होकारार्थी असतील तर आयोगाने ऐच्छिक मानकावर विसंबावे, असे तो कायदा सांगतो. कसोटी योग्य आहे, पण तिच्यात एक धोकाही दडलेला आहे. उत्तर शोधण्यातच वर्षे गेली, तर त्या काळातील प्रत्येक अपघात अनुत्तरित राहतो. त्यामुळे कसोटीला पुरावा आणि मुदत या दोन्हींची जोड हवी.

ऑस्ट्रेलियातील बटण सेलचा अनुभव येथे निर्णायक वाटतो. तेथे २०१६ मध्ये बटण सेल असलेल्या वस्तूंसाठी ऐच्छिक उद्योगसंहिता आली. सुरक्षित कप्पा, बालरोधक वेष्टन आणि इशारे या योग्य अपेक्षा तिच्यात होत्या, तरीही असुरक्षित वस्तू बाजारात सापडत राहिल्या. २०१३ ते २०२० या काळात त्या देशात तीन मुलांचा बटण सेलमुळे मृत्यू झाला. अखेर डिसेंबर २०२० मध्ये सक्तीची मानके जाहीर झाली आणि १८ महिन्यांच्या संक्रमणकाळानंतर २२ जून २०२२ पासून ती लागू झाली. संहितेतील तांत्रिक विचार वाया गेला नाही, त्यातील अपेक्षाच पुढे कायद्यात उतरल्या. पण संहिता पुरेशी नाही हे ओळखण्याची तारीख आरंभीच ठरवलेली असती, तर मधली काही वर्षे वाचवता आली असती, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

या अनुभवाच्या आधारे संहितेचा मसुदा तपासताना पुढील बाबी काटेकोरपणे पाहाव्यात. व्याप्तीच्या कलमात सही करणाऱ्यांचा बाजारातील वाटा विक्रीच्या प्रमाणात लिहिलेला असावा, आणि आयातदार व ऑनलाइन विक्रेते यांना सामील करून घेण्याची योजना त्यालाच जोडलेली असावी. नुसती सभासदांची संख्या दिशाभूल करू शकते. प्रत्येक वचन मोजता येण्याजोगे असावे. 'सभासद योग्य ती काळजी घेतील' हे वाक्य संहितेत राहू देऊ नये. त्याऐवजी 'सेलचा कप्पा उघडण्यासाठी साधन लागेल किंवा एकाच वेळी दोन स्वतंत्र हालचाली कराव्या लागतील, आणि अमुक उंचीवरून पाडल्यावरही तो बंद राहील' अशी भाषा हवी. तपासणी सभासदाने स्वतः पाठवलेल्या नमुन्यावर न होता त्रयस्थाने दुकानातून आणि संकेतस्थळावरून गुपचूप विकत घेतलेल्या मालावर व्हावी आणि तिचे निकाल नावानिशी प्रसिद्ध व्हावेत. दुखापतीची माहिती सभासदाला कळताच ती उद्योगसंघटनेच्या चाळणीतून न जाता थेट नियामकाकडे गेली पाहिजे. अमेरिकेच्या कायद्यात वस्तू धोकादायक असल्याची सबळ माहिती हाती आल्यापासून २४ तासांत कळवणे अपेक्षित आहे, आणि संहितेतील मुदत त्याहून सैल ठेवण्याचे काही कारण दिसत नाही.

सर्वांत महत्त्वाचे कलम म्हणजे समाप्तीचे. संहिता ठरावीक दिवशी आपोआप संपेल आणि स्वतंत्र तपासणीत ठरलेल्या प्रमाणाहून अधिक नमुने नापास झाले, किंवा त्याच यंत्रणेने आणखी एखादी गंभीर दुखापत घडली, तर सक्तीच्या नियमाचा मसुदा त्या दिवसापासून ठरावीक मुदतीत तयार होईल, हे संहितेवर सही होतानाच नियामकाने लेखी जाहीर करावे. ही मागणी उद्योगाला जाचक वाटेल, असे पुष्कळांना वाटते. प्रत्यक्षात प्रामाणिक उत्पादकाला तिचा फायदाच होतो, कारण खर्च करून नियम पाळणाऱ्याला स्वस्त आणि असुरक्षित मालाशी कायमची असमान स्पर्धा करावी लागत नाही.

स्पर्धा कायद्याचे भान येथेही ठेवावे. संहितेच्या बैठकीत किमती, उत्पादनाचे प्रमाण किंवा ग्राहकांची वाटणी यांची चर्चा होऊ नये, इतिवृत्त ठेवावे आणि बिगर सभासदालाही समान अटींवर संहिता पाळल्याचे प्रमाणपत्र मिळावे.

सगळ्याच संहिता वस्तूच्या रचनेविषयी असतात असे नाही. काही संहिता कार्यपद्धती ठरवतात, आणि अशा ठिकाणी त्या अधिक यशस्वी होतात. युरोपीय संघात २०१८ मध्ये काही मोठ्या ऑनलाइन बाजारपेठांनी सुरक्षा-प्रतिज्ञेवर सही केली आणि शासनाने धोकादायक ठरवलेल्या वस्तूची सूचना मिळाल्यावर दोन कामकाजी दिवसांत तिच्यावर कारवाई करण्याचे मान्य केले. पुढे १३ डिसेंबर २०२४ पासून लागू झालेल्या सर्वसाधारण उत्पादन सुरक्षा नियमाने शासनाच्या आदेशांसाठी तीच दोन दिवसांची मुदत सर्व ऑनलाइन बाजारपेठांवर बंधनकारक केली. संहितेने मार्ग चाचपून पाहिला आणि कायद्याने तो सर्वांसाठी पक्का केला, असा हा क्रम आहे.

सहावा टप्पा : अनुरूपतेचा (म्हणजे मानक पाळल्याचा) पुरावा जोखमीच्या प्रमाणात मागा

प्रत्येक वस्तूला त्रयस्थ प्रमाणपत्राची सक्ती केल्यास लहान उत्पादक कोलमडतात आणि प्रयोगशाळांपुढे रांगा लागतात. कमी जोखमीच्या वस्तूंसाठी उत्पादकाचे स्वतःचे घोषणापत्र आणि तांत्रिक दस्तऐवज पुरेसे मानावेत, आणि मुलांच्या वस्तू किंवा जिवावर बेतू शकणारी उपकरणे यांच्यासाठी त्रयस्थ चाचणी मागावी. वस्तू युरोपीय नियमांनुसार असल्याचे सांगणारी सीई ही खूण पुष्कळ वस्तूंच्या बाबतीत उत्पादकाच्याच घोषणेवर लावली जाते, याची अनेक ग्राहकांना कल्पना नसते. त्यामुळे आपल्या योजनेतील खुणेचा अर्थ काय आणि ती कोणाच्या तपासणीवर दिली जाते, हे सोप्या भाषेत जाहीर करणे आवश्यक आहे.

प्रयोगशाळा आयएसओ/आयईसी १७०२५ नुसार आणि प्रमाणन संस्था आयएसओ/आयईसी १७०६५ नुसार सक्षम असल्याची खात्री अधिस्वीकृती संस्थेकडून, म्हणजे अशा तपासणाऱ्यांनाच तपासणाऱ्या संस्थेकडून, करून घ्यावी. प्रमाणपत्राचा क्रमांक संकेतस्थळावर तपासता आलाच पाहिजे, कारण बनावट प्रमाणपत्रे हा नित्याचा प्रकार आहे. प्रमाणपत्र चाचणीसाठी पाठवलेल्या नमुन्याबद्दल बोलते, सहा महिन्यांनी वेगळ्या पुरवठादाराचा रंग वापरून बनलेल्या मालाबद्दल नाही. म्हणून घटक किंवा पुरवठादार बदलल्यास पुन्हा चाचणीची अट घालावी. पुरवठादारांनी ही शिस्त कशी बाळगावी यासाठी २०१३ चे आयएसओ १०३७७ हे मार्गदर्शक मानक उपयोगी आहे.

सातवा टप्पा : बाजारावर देखरेख

देखरेखीसाठी मनुष्यबळ नेहमीच अपुरे असते, तेव्हा ते हानीच्या टिपणानुसार वाटावे. वर्षातून एक-दोन धोके निवडून त्यांच्याशी संबंधित सर्व प्रकारच्या वस्तू एकाच मोहिमेत विकत घ्याव्यात आणि तपासाव्यात. सीमेवर थांबवलेल्या मालाची माहिती आणि ऑनलाइन विक्रीतील तक्रारी एकाच नोंदवहीत याव्यात. दूरदेशातून थेट ग्राहकाच्या घरी येणाऱ्या पार्सलच्या बाबतीत जबाबदार कोण, हा प्रश्न नियमातच सोडवावा. युरोपीय संघाने त्यासाठी संघाच्या हद्दीत एक जबाबदार व्यक्ती किंवा संस्था असलीच पाहिजे, अशी अट घातली आहे. एका देशाने बंदी घातलेला माल दुसऱ्या देशात खपवला जाऊ नये यासाठी संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार व विकास परिषदेच्या चौकटीत २०२० मध्ये शिफारस स्वीकारली गेली आहे. तिच्या आधारे शेजारी देशांच्या नियामकांशी माहितीची देवाणघेवाण सुरू करता येते.

आठवा टप्पा : उत्पादन परत मागवण्याची तयारी

रिकॉलची तयारी वस्तू बाजारात येण्यापूर्वी करावी लागते. वस्तूवर तुकडी क्रमांक नसेल तर नेमका कोणता माल परत मागवायचा हेच सांगता येत नाही. २०१३ चे आयएसओ १०३९३ आणि ब्रिटनमध्ये २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेली पीएएस ७१०० ही कार्यसंहिता यांत जबाबदाऱ्यांची वाटणी, संपर्काची साधने आणि प्रगतीचे मोजमाप यांचा आराखडा मिळतो. आपल्या क्षेत्राची संहिता त्यावर बेतता येईल.

रिकॉलच्या सूचनेची भाषा हा मोठा विषय आहे. 'खबरदारीचा उपाय म्हणून', 'स्वेच्छेने', 'क्वचित प्रसंगी' अशा शब्दांनी धोका सौम्य भासतो आणि वाचणारा वस्तू वापरत राहतो. युरोपीय संघाच्या नव्या नियमाने सूचनेत असे शब्द वापरण्यास मनाईच केली आहे. तसेच दुरुस्ती, बदली वस्तू आणि पैसे परत यांपैकी सामान्यतः किमान दोन पर्याय ग्राहकापुढे ठेवणे बंधनकारक केले आहे. सूचना वस्तूच्या छायाचित्रासह असावी, पहिल्याच वाक्यात वापर थांबवण्यास सांगावे, आणि ज्यांचे संपर्क तपशील विक्रेत्याकडे आहेत त्यांना ती व्यक्तिशः पाठवावी. संपर्कयादी जाहिरातीसाठी वापरली जाते, तेव्हा ती जीव वाचवण्यासाठी वापरण्यात कोणतीही अडचण सांगितली जाऊ नये.

नववा टप्पा : पुनरावलोकन

नियम लागू झाल्यापासून दोन किंवा तीन वर्षांनी पहिल्या टप्प्यातील टिपण पुन्हा उघडावे आणि तीच मोजणी, त्याच स्रोतांवरून, पुन्हा करावी. दुखापती घटल्या नसतील तर कारण तीनपैकी एक असते : मानक चुकीच्या गोष्टीची परीक्षा घेत आहे, मानक योग्य आहे पण पाळले जात नाही, किंवा जुना माल अजून घराघरांत वापरात आहे. यांपैकी कोणते कारण खरे हे ठरवल्याशिवाय चाचणीची मर्यादा कडक करू नये, कारण दुसऱ्या स्थितीत त्याचा भार फक्त नियम पाळणाऱ्यांवर पडतो आणि तिसऱ्या स्थितीत त्याचा काहीच उपयोग होत नाही. जुन्या मालासाठी भागांचे मोफत दुरुस्ती-संच, वस्तू परत घेण्याची योजना आणि जुन्या वस्तूंच्या विक्रीवर बंधन असे वेगळे उपाय लागतात. वर उल्लेखलेल्या बाळांच्या पलंगांच्या नियमाने वापरलेल्या पलंगांची फेरविक्रीही रोखली होती, आणि पाळणाघरे व हॉटेले यांना ते बदलण्यासाठी वेगळी, अधिक लांबची मुदत दिली होती.

पुनरावलोकनाचा अहवाल मानक समिती, संहितेवर सही करणारे उद्योग आणि दुखापतींची माहिती देणारी रुग्णालये यांना एकाच दिवशी पाठवावा, त्यावर लेखी उत्तर देण्याची तारीख त्यातच छापावी, आणि आलेली उत्तरे अहवालासोबत प्रसिद्ध करावीत.